समतल

गाडी थांबली की ऑरिन आधी बुडबुडा बघतो.
ओट्यावर चिकटवलेली बोटभर काचनळी, तिच्यात पिवळं पाणी,
पाण्यात तो.
तो मधोमध येईपर्यंत आमचं घर अजून नुसती गाडी असते.
"डावीकडे अजून एक फळी!"
मी फळी सरकवते. मागे उभी राहून हातवारे करते:
ये, ये, थोडं, बस्स.
नऊ वर्षं तो आरशात बघून मान हलवतो.

पूर्वी आम्हाला जिना होता, तळघर होतं,
तळघरात कधी न उघडलेली खोकी होती.
आता अठ्ठावीस फूट.
नवा कप आला की जुन्याने उतरायचं, असा नियम.
माझं शिवणयंत्र राहिलं, त्याचं अकॉर्डियन गेलं.
यावर आम्ही बोलत नाही.

दवाखान्यात पत्ता विचारतात.
आमचा पत्ता म्हणजे साउथ डकोटातल्या एका दुकानामागची
लोखंडी पेटी, क्रमांक चारशे सात.
त्या गावात आम्ही एकच रात्र झोपलो, पण मत तिथलंच देतो.
"बरं, पण राहता कुठे?" नर्स पुन्हा विचारते.
ऑरिन खिडकीबाहेर बोट दाखवतो:
ती काय, पांढरी, दोन जागा अडवून बसलीय.

ऑक्टोबरात साखरेचं बीट.
रेड नदीच्या काठी बारा तासांची पाळी,
ट्रकमागून ट्रक, घरांहून उंच ढीग.
अंगावरची काळी माती धुवायला तीन मिनिटं:
पाणी चालू, बंद. साबण. चालू, बंद.
पाठीचा साबण कधीकधी तसाच राहतो.
शेजारी टेनेसीची मेरीबेथ कांदा परतते, तो वास आमच्या उशीत येतो.
पलीकडचा वेंडेल दहाच्या ठोक्याला जनरेटर बंद करतो
आणि एकदम सगळ्यांची घोरणी ऐकू येतात.

परवा रात्री पाळीवरून परतताना
ऑरिनने नळाचा खांब घासला.
म्हणाला, खांबच पुढे आला.
मी म्हणाले, खांबाला चाकं नाहीत.
मग वाढत गेलं. अकॉर्डियनही निघालं.

इथे भांडून दार आपटायची सोय नाही;
आपटलं तर पायरी निखळते, आणि ती आपल्यालाच बसवायची.
तणतणत दुसऱ्या खोलीत जावं,
तर दुसरी खोली म्हणजे ड्रायव्हरची सीट.
मी तिथे जाऊन बसले. अंधारात. दोन्ही हात स्टिअरिंगवर,
जसं काही कुठे निघालेच आहे.

बऱ्याच वेळाने तो बाजूच्या सीटवर आला.
मोजे काढले. पुन्हा घातले.
"रात्री मला रस्त्यावरची पट्टी
दोन दिसतात," म्हणाला. "मे महिन्यापासून."
मे, जून, जुलै. मी डोंगर मोजले,
मोंटानातले घाट, उतारावरची ती वळणं,
आणि मी बाजूला बसून मटार सोलत होते.

हंगाम संपला. तोट्या गोठायच्या आत
दक्षिणेला निघालो. गाडी मी चालवतेय.
तो नकाशा उलगडून बसलाय
आणि प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय
चटईवरचा नसलेला ब्रेक दाबतोय.

संध्याकाळी नेब्रास्कात, धान्याच्या कोठारामागे थांबलो.
तो खाली उतरला. आरशात एवढासा,
काखेत फळ्या, हात हवेत:
ये? थांब? की माशी हाकलतोय?
काहीही कळेना.
म्हणजे नऊ वर्षं माझंही त्याला...

आत येऊन त्याने बुडबुड्यावर चष्मा टेकवला.
"जरा डावीकडे आहे. चालेल?"
मी ओट्यावर अंडं ठेवलं.
ते निघालं, हळूहळू, विचार करत,
आणि साखरेच्या डब्याला टेकून थांबलं.

चालेल, म्हटलं. गॅस लाव.